वैरागची शेळी आणि निळा अंधार

आमच्या घरात खोटं बोलणं हे एक काम होतं आणि ते दत्तूकाकाकडं होतं. बाकीची कामं जशी वाटून दिलेली होती, तसंच हेही. आप्पा, म्हणजे माझे वडील, रंग बघायचे. आई स्वयंपाक करायची, खळ शिजवायची, रंगवलेली लुगडी वाळत घालायची. मी विहिरीचं पाणी शेंदायची आणि वाळलेल्या कापडाच्या घड्या घालायची. आणि निळीचा रांजण नासला की गावात एक थाप सोडून यायचं, हे आप्पांच्या धाकट्या भावाचं, दत्तूकाकाचं काम.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण निळीचा रांजण आता रंगाऱ्यांच्या घरातल्या पोरांनीसुद्धा पाहिलेला नसतो. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या आमच्या घराच्या परसात एक मोठा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता. त्यात नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी घालून पाणी आंबवायचं. नीट आंबलं की ते हिरवट पिवळं दिसतं आणि वर तांबूस झाक मारणारा निळा फेस धरतो. त्याला आम्ही फूल म्हणायचो. त्या पाण्यातून लुगडं काढलं की ते पोपटी असतं आणि वाऱ्यावर धरलं की बघता बघता निळं होतं. मी हे रोज बघायची, तरी रोज काम टाकून उभी राहायची. रंग पाण्यात असतो की वाऱ्यात, असं एकदा आप्पांना विचारलं, तर "तुला काय करायचंय, घडी घाल" असं उत्तर मिळालं. काका मला फौजदार म्हणायचा, कारण माझ्या तोंडी कायम चौकशी. रांजणाचा स्वभाव लहरी. थंडी वाढली, चुना जास्त झाला, की तो नासायचा. फूल जायचं, पाणी काळं पडायचं आणि वास असा सुटायचा की शेजारचे मल्लय्या माग थांबवून भिंतीवरून डोकवायचे. मग आमच्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला एकच उपाय. गावात एक मोठी थाप सोडायची. लोकांना ती पटली की रांजणाला फूल येतं.

आप्पांना थाप मारता यायची नाही. एकदा काका तापानं पडला होता म्हणून ते स्वतः वेशीपर्यंत गेले आणि पहिल्याच माणसाला "तळ्यात मगर आली म्हनं" असं सांगून वर "पर खरं न्हाय हं" असं म्हणून परत आले. काकाचं तसं नव्हतं. तो आधी दोन दिवस गप्प बसायचा. आईनं ताटात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कांदा वाढलेला असायचा आणि हा घास हातात धरून भिंतीकडं बघत असायचा. "भावजी, जेवा की वो," असं आई दोनदा म्हणायची. त्याची सगळ्यात गाजलेली थाप शेळीची. वैरागच्या बाजारात एक शेळी आली आहे, ती एकादशीला पाला तोंडात घेत नाही, एवढीच. पण काका ती सांगताना अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखा म्हणायचा, "डावा कान जरा फाटलाय बगा तिचा." मी विचारलं, कान कशाला फाडला? तो म्हणाला, "फौजदार, उपास कुनाला पटत न्हाय. फाटका कान पटतो. आन एकदा कान पटला की उपास त्याच्या मागनं येतोय." मी पुढं जन्मभर ज्या धंद्यात राहिले, त्याचं शिक्षण मला त्या दिवशी परसात उकिडवं बसून मिळालं.

ती थाप मात्र अंगाशी आली. आमच्या गल्लीतले एक म्हातारे सोनार, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, एकादशी गाठून वैरागला निघाले. येताना पाय मुरगळून पडले आणि बैलगाडीत आडवे होऊन घरी आले. आप्पांनीच त्यांना उचलून आत नेलं. आप्पा खरं सांगून माफी मागणार, तोच आबा त्यांचा हात धरून म्हणाले, "रामभाऊ, बघितली म्या. डावाच कान." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आबा नंतर बरे झाले, पण आप्पांना ते फार लागलं. माणसानं नसलेली शेळी कशी बघितली, हे मला कळेना आणि त्याबद्दल मी काकाला आठवडाभर छळलं. आप्पांना त्यात काही गंमत दिसली नाही. "दत्त्या, आजपासनं ह्या घरात थाप बंद. रांजण मेला तरी चालंल," एवढंच ते म्हणाले. आणि रांजण खरोखरच मेला. पावसाळ्यानंतर तो नासला आणि नासलाच राहिला. आम्ही पुडीचे विलायती रंग कढवून काम चालवू लागलो. करमाळ्याकडच्या बायका निळीत पुन्हा पुन्हा बुडवून काळ्याभोर झालेल्या चंद्रकळेसाठी यायच्या आणि पुडीतला निळा बघून तोंड वाकडं करून जायच्या. आप्पा रोज सकाळी सवयीनं रांजणाचं झाकण उचलायचे, वास घ्यायचे आणि परत ठेवायचे.

काका रिकामा झाला. रंगाच्या कामात त्याचा हात यथातथाच होता. लग्न केलेलं नव्हतं, वेगळी चूल नव्हती. घरात त्याला कुणी काही बोललं नाही, पण भाकरीचा तुकडा मोडताना तो पूर्वीसारखा बोलायचा बंद झाला, हे आईच्याही लक्षात आलं होतं. अशात एक दिवस तो पुण्याहून एका कॅमेरावाल्याला घेऊन आला आणि सोलापुरात सिनेमा काढायचा असं जाहीर केलं. त्या काळचा सिनेमा मुका होता. गोष्ट काकानंच रचली होती. किल्ल्याला वेढा पडलेला असतो आणि एक जासूद रात्री खंदक पोहून आत खलिता पोचवतो. जासूद म्हणून बार्शीचा एक पैलवान गाठला. तो दिसायला राजबिंडा, पण त्याला पोहता येत नाही हे खंदकात उतरल्यावर कळलं. मग त्याला कंबरभर पाण्यात चालवत हात मारायला लावलं. महिनाभर आई रोज टोपलंभर धपाटी करून किल्ल्यावर पाठवत होती. ती पोचवायला मी जायची आणि कॅमेऱ्याचं हँडल फिरताना त्याचा बारीक करकर आवाज ऐकत उभी राहायची. मल्लय्यांच्या मागाचा खटाका, गिरणीचा भोंगा, आणि त्यात हा नवा आवाज. आत काय फिरतंय ते बघू द्या, असा मी कॅमेरावाल्याच्या मागं धोशा लावला होता.

आप्पांनी हे सगळं न बोलता चालू दिलं. मग एक दिवस काकाला समोर बसवून म्हणाले, "गड्ड्याच्या जत्रंत लागला तर लागला. न्हाय लागला तर गुमान हितं कढईपाशी बसायचं आन पुन्यांदा शिनेमाचं नाव काढायचं न्हाय." सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्डा भरतो, तिथं तंबूतले सिनेमे लागायचे. काकानं हातावर हात मारून कबूल केलं. तो माणूस रांजणापाशी बसून म्हातारा होणार की आपल्याला जे करावंसं वाटतं ते करणार, याचा निकाल त्या जत्रेत लागायचा होता. आज माझ्याकडं सिनेमा काढायला निघालेली मुलं येतात आणि सांगतात, बाई, हे पिक्चर पडलं तर दुसरं करू. करा बापडे. काकाला दुसरं नव्हतं.

पुण्याहून धुऊन छापून आलेली फिल्म डब्यांतून घरी आली ती संक्रांतीच्या आधी, शेंगापोळ्यांचा वास घरभर असताना. ती काळी-पांढरी होती. आता एक गोष्ट आजच्या वाचकाला सांगायला हवी. तेव्हा कॅमेऱ्याला ऊन लागायचं, त्यामुळं रात्रीचे प्रसंगसुद्धा भर दुपारी घ्यायचे आणि नंतर फिल्मचा तो तुकडा निळ्या रंगात बुडवायचा. निळं दिसलं की बघणारा समजायचा, रात्र आहे. आगीला लाल, दिव्याच्या उजेडाला पिवळा. पुण्याच्या कारखान्यानं एक कागद दिला होता, त्यात फिल्म थंड पाण्यात रंगवावी असं बजावलं होतं. काकानं मल्लय्यांच्याकडून ताणा गुंडाळायचा मोठा लाकडी पिंजरा मागून आणला, त्यावर फिल्म गुंडाळली आणि कागदाबरहुकूम रंगवली. लाल, पिवळा बरा आला. निळा मात्र धुवून धुवून विटलेल्या धोतरासारखा. तंबूचे मालक करीमभाई यांना दाखवायला काका तो तुकडा घेऊन गेला. मी हट्टानं बरोबर गेले. पडद्यावर पैलवान लख्ख उजेडात दबकत दबकत चालला होता आणि समोर पहारेकरी उभा. करीमभाईंनी दाढी खाजवली. "दत्तूमियाँ, ये क्या? भर दोपहर में छुपको जारा और पहरेवाला देखको भी चुप? लोगां हसेंगे. रात लाओ. रात नई मिली तो परसों से तंबू दुसरे कू देतूँ."

काका घरी आला तो हसत होता, पण ते हसणं तोंडापुरतं. पहिल्या खेळाला पैलवानाला हार घालायचा होता, त्याला आणायला बार्शीला जाणं भाग होतं. "उद्या दुपारी येतो. आल्यावर निळा पुन्यांदा देऊ, दोनदा, गार पान्यात. तवर फिल्मला कुनी हात लावू नका," असं मला बजावून तो छोट्या रुळांच्या आगगाडीनं गेला. आप्पा ओसरीवर सुपारी कातरत होते. काका गेल्यावर ते उठले, पिंजऱ्यापाशी गेले आणि फिल्मचा तो फिका तुकडा उन्हात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांनी सिनेमाला हात लावलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"इंदे," ते म्हणाले, "आपल्या घरातनं असला निळा भाईर जानार व्हय?"

मी म्हणाले, "काकांनी हात लावू नका म्हनून सांगितलंय."

"त्याला रंगातलं काय कळतंय. गार पान्यात रंग धरतोय कुटं? कढ आल्याबिगर रंग आत शिरत न्हाय. त्यो यायच्या आत करून ठिवू. बघून खूश हुईल गडी."

मला तो कागद आठवत होता. पण खरं सांगते, मलाही आप्पांचंच पटलं. मी जन्मापासून कढईत कढत असलेला रंग बघितला होता आणि गार पाण्यात धरलेला रंग काल पहिल्यांदा बघितला, तोही असला. शिवाय काय होतं ते बघायची मला खाज. फिल्म चटकन पेट घेते हे आम्हाला काकानं सांगून ठेवलं होतं, म्हणून आप्पांनी चूल परसाच्या पार टोकाला पेटवली, कढता रंग तिथून वाहून आणला, जवळ पाण्याच्या दोन घागरी ठेवल्या, आईला पोळ्यांची चूलसुद्धा विझवायला लावली. आगीची एवढी काळजी घेतली. मधला, पोहण्याचा तुकडा सगळ्यात फिका होता, म्हणून तिथून सुरुवात केली. आप्पा फिल्म कढत्या रंगातून ओढत होते आणि मी रिवाजाप्रमाणं लगोलग विहिरीच्या थंडगार पाण्यात बुडवून पिंजऱ्यावर घेत होते. निळा असा आला की काय सांगू. मोराच्या मानेचा. आप्पांच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी हसू दिसलं. मग माझी बोटं बुळबुळीत झाली. कढईत बघितलं तर दुधावर साय यावी तसं काहीतरी काळपट तरंगत होतं. मी फिल्म उन्हात धरली. पैलवान नव्हता. खंदक नव्हता. रडून काजळ पसरावं तसं सगळं चित्र पसरून ओघळून गेलं होतं.

आप्पांनी माझ्या हातातून ती घेतली, बघितली आणि तिथंच दगडावर बसले. पोहण्याचा सगळा प्रसंग गेला होता. अलीकडचा, खंदकाच्या काठावर उभा पैलवान, आणि पलीकडचा, ओला होऊन वर चढणारा पैलवान, हे दोन तुकडे वाचले होते, कारण तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो. आप्पा काकावर किती वेळा ओरडले होते, पण त्या दुपारी ते स्वतःच्या हातांकडं बघत बसले. ते हात सोलापुरात नावाजलेले होते. मला त्यांची फार दया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी काका दारात आला तेव्हा आप्पा स्वतः पुढं झाले. "दत्त्या, तुज्या शिनेमाचं वाटोळं म्या केलं," एवढंच म्हणाले. काकानं चपला काढल्या, पाय धुतले, पिंजऱ्यापाशी गेला. मला वाटलं आता हा काहीतरी फेकून मारणार. पण तो म्हणाला, "दादा, तुमी हात लावला व्हय ह्याला? तुमी हून?"  तो तसाच जाऊन रांजणाच्या झाकणावर बसला. पैलवान बिचारा फेटा बांधून ओसरीवर बसून होता, त्याला काय झालं ते कुणी सांगेना.

मी मात्र कालपासून तो बिघडलेला तुकडा दहा वेळा उन्हात धरून बघितला होता. मला तो सोडवेना. कढत्यातून एकदम गार पाण्यात घातल्यानं त्याच्यावर बारीक बारीक सुरकुत्या पडल्या होत्या आणि त्या गडद निळ्यात एकीमागून एक हलत गेल्यासारख्या दिसत. काका आता तो तुकडा कापून टाकायचं म्हणत होता. पैलवान काठावर उभा आणि लगेच पलीकडं भिजलेला. "लोक हसतील," तोच पुन्हा म्हणाला. मी त्याच्याजवळ गेले. "काका, हे पान्यागत दिसतंय की. अंधारातल्या पान्यागत. रात्री खंदकात मानूस पोहताना कुटं दिसतोय? तुमीच सांगा."  "आन फाटका कान?" असं त्यानं विचारलं. तेवढं मला सुचलेलं होतं. "पडद्यामागं आवाज करायचा. पान्याचा."

काका उठला. आप्पाही उठले. उरलेले दोन तुकडे रंगवायचं काम आप्पांनी मागून घेतलं आणि काकाच्या कागदाचं ऐकून, शिवाय आपलं डोकं चालवून केलं. "न्हावी दाढीनंतर तुरटी फिरवतोय, कातडं आवळतंय. ह्याच्यावरचा थर सरसागत बुळबुळीत, म्हंजी कातडंच हाय," असं म्हणून त्यांनी आधी फिल्मच्या कापलेल्या चिंध्यांवर करून बघितलं. तुरटीच्या गार पाण्यातून काढून मग गार रंगात, दोनदा. चित्र जागच्या जागी राहिलं आणि रात्र झाली. पुढं मुंबईत मी स्टुडिओच्या रसायनखात्यात उमेदवारी करायला लागले तेव्हा तिथले साहेब हीच युक्ती फार गुपित असल्यासारखी सांगत होते. मी मुकाट्यानं ऐकून घेतली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पहिला खेळ होता. गड्ड्यावर पाळणे फिरत होते, भज्यांच्या कढया खळखळत होत्या, हुरड्याचा धूर तंबूत येत होता. बायकांच्या बाजूला आई बसली होती. तीही सिनेमा पहिल्यांदाच बघत होती. पडद्यामागं आम्ही आमचीच रंगाची कढई पाण्यानं भरून ठेवली होती आणि आवाज मी करणार असं ठरलं होतं. मी सबंध सकाळ सराव केला होता, पण माझ्या हातून नुसतं पोर पाण्यात खेळल्यासारखं वाजत होतं. ऐन वेळी आप्पा मागच्या बाजूनं आत आले, बाराबंदीच्या बाह्या वर सारल्या आणि मला सरकवून कढईपाशी बसले.  ज्या माणसाला वेशीवर मगर सांगता आली नव्हती, तो मला खुणेनं विचारत होता, कधी?

काठावर उभा पैलवान दिसला. त्यानं अंगरखा काढला. मग पडदा गडद निळा झाला आणि त्या सुरकुत्या हलायला लागल्या. तंबूत कुजबुज सुरू झाली, कुणीतरी शीळ घातली. आप्पांनी हात पाण्यात घातले. लुगडं विसळताना ते जसे लांब, सावकाश हात मारायचे, तसा एक हात मारला. मग दुसरा. मध्ये थोडं थांबून, दम घेतल्यासारखं, पुन्हा एक. पाण्यात पोहणाऱ्या माणसाचा आवाज असाच असतो हे मला तेव्हा कळलं. कुजबुज थांबली. नंतर इतकी शांतता झाली की बाहेरच्या पाळण्याचा करकर आवाज आत ऐकू येऊ लागला. तो निळा अंधार चांगला तीन मिनिटांचा होता. आप्पांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते डोळे मिटून पोहत होते. शेवटी बायकांच्या बाजूनं एक म्हातारा आवाज आला, "त्यो बग, त्यो बग, डोस्कं दिसलं." मग पन्नास जणांना डोकं दिसलं. पैलवान पलीकडं चढला तेव्हा तंबू उठून उभा राहिला आणि काका पडद्याच्या कडेला तोंडात उपरणं कोंबून उभा होता.

बाहेर आल्यावर मल्लय्यांनी काकाचे दोन्ही हात धरले. "काय पोहला हो माणूस. तोंडात कागद धरून. भिजू नये म्हणून तोंडात धरला बघा, मी बघितला." तोंडात कागद आम्ही कधी घेतलाच नव्हता. खलिता फेट्यात होता. आणि खुद्द पैलवान, गळ्यात हार घेऊन, मला बाजूला ओढून हळूच म्हणाला, "मी इतकं चांगलं पोहलो हुतो व्हय गं?" मी व्हय म्हणाले. करीमभाईंनी जत्रा संपेपर्यंत तंबू आमच्याकडंच ठेवला. त्या वर्षाच्या आत काका पुण्याला गेला, नंतर मलाही घेऊन गेला. पुढं मी मुंबईत स्टुडिओचा कारभार बघितला, तो सोडून स्वतःची चित्रं काढली. तो सगळा पसारा मोठा आहे. माझ्या मुलाखतींतून मी नेहमी सांगत आले की हा धंदा मला काकानं शिकवला, आणि ते खोटं नाही. पण त्या पहिल्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी आप्पांनी सवयीनं रांजणाचं झाकण उचललं आणि तसेच धरून उभे राहिले. मग "दत्त्या, हिकडं ये," अशी हाक आली. मीही धावले. रांजणाला फूल आलं होतं. निळं, वर तांबूस झाक. आप्पांनी पंच्याचं टोक बुडवून काढलं, ते पोपटी निघालं आणि आमच्या डोळ्यांसमोर निळं झालं.  मग आप्पा म्हणाले, "पटली बग लोकांना," आणि त्यांनी काकाच्या खांद्यावर हात ठेवला. काका तिथंच खाली बसून पोरासारखा रडला. मलाही रडू आलं, पण माझी नजर खाली गेली. रांजणाच्या कडेला ताज्या चुन्याचा पांढरा ठिपका होता आणि टाकळ्याचं एक शिजलेलं बी चिकटलेलं होतं.

आई स्वयंपाकघरात चुलीला जाळ घालत होती. मी जाऊन तिचा हात धरून उलटा केला. नखांत गूळ होता.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"आट दीस झालं. हळू बोल."

"शेळीच्या वेळी?"

"तवाबी. त्याच्या आदीबी. सासूबाई घालायच्या, मग मी घालायला लागले."

"आन काल शिनेमा पडला असता, तर आज फूल आलं असतं की."

"तर मूठभर चुना जास्त टाकला असता," आई म्हणाली. ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली की मला हसावं की घाबरावं ते कळेना. तरी माझी चौकशी संपली नव्हती. पावसाळ्यापासून रांजण मेल्यासारखा पडला होता, बायका तोंड वाकडं करून परत जात होत्या, आप्पा रोज सकाळी झाकण उचलून ठेवत होते. इतके दिवस का नाही घातला गूळ, असं मी तिला विचारलं.

आईनं दाराकडं बघितलं. परसात दोघांचं बोलणं चाललं होतं.

"थापंबिगर फूल आलं असतं, तर भावजींचं ह्या घरात काय काम उरलं असतं?" ती म्हणाली, आणि हात धुवून पिठाच्या डब्याकडं वळली.